मालिका कोण ठरवतं?

३ ऑक्टोबर २०२४, घटस्थापना. कलर्स मराठीवर ‘आई तुळजाभवानी’ सुरू झाली ती या मुहूर्तावर. आपल्या धाराशिव जिल्ह्याचं दैवत रोज टीव्हीवर येणार म्हटल्यावर बोलणं कशावर होणार? देवीचं काम कोण करतंय, दागिने तसेच आहेत का, देऊळ खरं आहे की सेट लावलाय. पण या मालिकेमागे आणखीही काही प्रश्न होते आणि ते कुणीतरी, मुंबईतल्या कुठल्यातरी ऑफिसात, पगार घेऊन सोडवले होते. तुळजाभवानीच का? नवरात्रातच का? कोठारे व्हिजनलाच काम का द्यायचं? कुठल्या वेळेला लावायची, आणि त्या वेळेला आधी जी मालिका चालू आहे तिचं काय करायचं? पहिल्या महिन्यात आकडा पडला तर किती आठवडे कळ काढायची?

हे ठरवणारे लोक म्हणजे वाहिनीचे अधिकारी. पडद्यावर त्यांचं नाव आलंच तर श्रेयनामावलीत झर्रकन सरकून जातं. त्यामुळे आपल्याकडच्या मुलांशी बोलताना ‘टीव्हीत जायचंय’ याचे दोनच अर्थ निघतात: अभिनय नाहीतर अँकरिंग. वाहिनी चालवण्याचं काम यादीतच नसतं. हा लेख त्या कामाबद्दल आहे. पदवीच्या आसपास असलेल्या मुलामुलींसाठी, आणि टीव्हीचं नाव काढल्यावर कपाळाला आठ्या घालणाऱ्या त्यांच्या आईवडलांसाठीही.

ऑफिसात कोण काय करतं

वरच्या टोकाला बिझनेस हेड. वाहिनीचा नफा-तोटा त्याच्या नावावर. त्याच्याखाली प्रोग्रॅमिंग हेड, म्हणजे काय दाखवायचं ते ठरवणारा. मग जाहिरातींची वेळ विकणारा सेल्स विभाग, वाहिनी घराघरांत पोहोचवणारा डिस्ट्रिब्युशन, प्रोमो आणि होर्डिंग बघणारा मार्केटिंग, आकडे वाचणारा रिसर्च, कुठला संवाद किंवा दृश्य अंगाशी येईल ते आधीच हेरणारा स्टँडर्ड्स अँड प्रॅक्टिसेस, आणि कुठल्या सेकंदाला कुठली जाहिरात जाईल याचा तक्ता रोज लावणारा ट्रॅफिक. या शेवटच्या विभागाची कुणाला फारशी माहिती नसते, पण नवख्या माणसाला आत शिरायला तो चांगला दरवाजा आहे. दिवसभर तक्त्यात राहिल्यानं वाहिनीचा पैसा नेमका कुठून येतो ते सहा महिन्यांत डोळ्यांपुढे स्पष्ट होतं.

सगळ्यांत जास्त माणसं लागतात ती ईपी म्हणून, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर. इथे नवख्यांचा हमखास गोंधळ होतो, कारण निर्मितीसंस्थेतही ईपी असतो आणि वाहिनीतही. निर्मितीसंस्थेचा ईपी सेटवर धावतो: कलाकाराच्या तारखा, जेवण, जनरेटर, पाऊस. वाहिनीचा ईपी कागद वाचतो. मालिकेची पुढच्या काही आठवड्यांची ढोबळ गोष्ट म्हणजे ट्रॅक, त्यातून प्रत्येक भागाची वन लाइन, त्यावरून पटकथा, मग संवाद. प्रत्येक टप्प्यावर वाहिनीचा ईपी ‘हो’ म्हणतो किंवा परत पाठवतो. शूट झाल्यावर एडिट बघतो, दुरुस्त्या काढतो. आणि सतत एका गोष्टीवर डोळा ठेवतो, ती म्हणजे बँक. बँक म्हणजे तयार होऊन पडलेले भाग. ती दोन दिवसांवर आली की ऑफिसात आवाज चढायला लागतात. आठवड्याला सहा भाग धरले तर वर्षाचे ३१२ भाग होतात. नायिका आजारी पडो, लेखक सोडून जावो, त्यातला एकही भाग चुकवता येत नाही. या नोकरीची खरी परीक्षा प्रतिभेपेक्षा दमसासाची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रोग्रॅमिंगवाल्यांचा दुसरा महत्त्वाचा कागद म्हणजे एफपीसी, फिक्स्ड पॉइंट चार्ट. दिसायला एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकासारखा: डावीकडे अर्धा-अर्धा तास, वर वार, चौकटीत मालिकेचं नाव. वाहिनीतली निम्मी भांडणं या चौकटींवरून होतात, कारण साडेसातची चौकट आणि साडेदहाची चौकट यांच्या जाहिरातीच्या दरात मोठा फरक असतो.

आता ‘आई तुळजाभवानी’कडे परत बघा. कोठारे व्हिजननं झी मराठीसाठी २०१४ मध्ये ‘जय मल्हार’ केली होती, स्टार प्रवाहसाठी २०१७ मध्ये ‘विठू माऊली’ आणि २०२० मध्ये ‘दख्खनचा राजा जोतिबा’. जेजुरी, पंढरपूर, वाडी रत्नागिरी. म्हणजे कुलदैवतांच्या मालिकेला मराठी प्रेक्षक येतो हे आधी तीनदा तपासून झालं होतं आणि तो सेट, ते ग्राफिक्स, ती भाषा जमवणारी संस्थाही ठाऊक होती. मुहूर्तालाही हिशेब असतो. नवरात्रात देवीचं नाव घरोघर असतंच, त्यामुळे मालिकेची निम्मी जाहिरात आपोआप होते. शिवाय दसरा-दिवाळी हा जाहिरातदारांचा वर्षातला सगळ्यांत मोठा खर्चाचा काळ. पण एक गोष्ट इथला माणूसच सांगू शकेल: ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा म्हणजे आपल्याकडे सोयाबीनची काढणी. दिवसभर रानात राबलेलं घर रात्री किती वाजेपर्यंत जागं राहतं, हा प्रश्न मुंबईत बसून सुचणं अवघड आहे.

आपली गावं मोजणीत कधी आली

वाहिनीच्या ऑफिसात गुरुवारचा दिवस मोठा. तुळजापुरात मंगळवारी गर्दी होते, तिथे गुरुवारी होते, कारण त्या दिवशी बार्क या संस्थेचे आधीच्या आठवड्याचे आकडे येतात. ज्याला आपण टीआरपी म्हणतो तो हाच. निवडलेल्या घरांत टीव्हीला एक मीटर जोडलेला असतो. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते, ती मीटर ओळखतो. घरातल्या प्रत्येकाला एकेक बटण दिलेलं असतं, बघायला बसताना ते दाबायचं. ती घरं कोणती हे गुप्त ठेवतात, आणि का ठेवावं लागतं हे ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा गुन्हा नोंदवल्यावर सगळ्या देशाला समजलं. त्यानंतर बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे मार्च २०२२ पर्यंत बंद होते.

आपल्या दृष्टीनं महत्त्वाचा महिना ऑक्टोबर २०१५ आहे. तोवरची मोजणी शहरांपुरती होती. त्या महिन्यापासून बार्कच्या आकड्यांत ग्रामीण भाग आला. वाहिन्यांना पहिल्यांदाच आकड्यांत दिसलं की महाराष्ट्राचं खेडं काय बघतं. २०१६ मध्ये झी मराठीवर कोकणातल्या वाड्याची ‘रात्रीस खेळ चाले’ आली, त्याच वर्षी कोल्हापूरच्या तालमीतली ‘तुझ्यात जीव रंगला’, पुढच्या वर्षी साताऱ्याच्या फौजी गावातली ‘लागिरं झालं जी’. याला मी निव्वळ योगायोग मानत नाही. या यादीत कोकण आहे, कोल्हापूर आहे, सातारा आहे. मराठवाडा नाही. मराठवाड्याची बोली बहुतेक वेळा विनोदी पात्राच्या तोंडी येते आणि तिथेच संपते. आपला प्रेक्षक मोजला गेला, पण निर्णयाच्या टेबलाभोवती आपल्याकडची माणसं थोडी आहेत. तुमच्यासाठी जागा आहे ती इथे.

प्रेक्षक लांबून कळत नाही, हे टीव्हीवाल्यांना फार पूर्वी कळलेलं आहे. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ या प्रयोगात उपग्रहावरून देशातल्या सुमारे २,४०० गावांत दूरदर्शन पोहोचवलं गेलं. आपला जिल्हा त्यात नव्हता, पण उमरग्याची शीव ओलांडली की लागणारा तेव्हाचा गुलबर्गा जिल्हा होता. कार्यक्रम खरोखर कोण बघतं, कुणाला काय समजतं हे पाहायला त्या वेळी अभ्यासक गावांत मुक्काम करून राहिले होते. आज रिसर्च विभागातली माणसं फोकस ग्रुप घेतात, ‘होम व्हिजिट’ला जातात, चार बायकांना एकत्र बसवून विचारतात. तिथे बसलेल्या बाईनं ‘छान आहे’ म्हटल्यावर ते खरं आहे की पाहुण्याचा मान राखलाय, हे ओळखणारा माणूस वाहिनीला हवा असतो.

एक वही, एक अर्धा तास

कुठल्याही कोर्सला पैसे भरण्याआधी हे करून बघा. एक वही घ्या. रात्रीचा एकच अर्धा तास निवडा आणि आठवडाभर तोच बघा. गोष्टीबद्दल लिहू नका, घड्याळाबद्दल लिहा. पहिला ब्रेक कितव्या मिनिटाला आला? त्याआधीचं शेवटचं वाक्य कुणाचं होतं? ब्रेकमध्ये कुठल्या मालाच्या जाहिराती होत्या, त्यात वाहिनीचे स्वतःचे प्रोमो किती? नियमाप्रमाणे तासाला १२ मिनिटं, म्हणजे १० मिनिटं जाहिराती आणि २ मिनिटं स्वतःचे प्रोमो, अशी मर्यादा आहे. त्या हिशेबानं अर्ध्या तासाची मालिका प्रत्यक्षात चोवीस मिनिटांच्या आतबाहेर असते. त्यातून आधीच्या भागाची उजळणी आणि पुढच्या भागाची झलक वजा करा. लेखकाच्या हाती किती उरतं ते मोजा.

मग घराकडे बघा. समजा लोहाऱ्याकडचं एखादं घर आहे. सासूबाई टीव्हीसमोर आहेत. सून चुलीशी किंवा गॅसशी, भाकरी थापतेय, तिची पाठ टीव्हीकडे. ती मालिका बघत नाही, ऐकते. म्हणून मालिकेतली पात्रं एकमेकांना सारखी नावानं हाक मारतात, म्हणून खलनायिकेच्या प्रवेशाला ठरलेलं संगीत वाजतं, म्हणून चिठ्ठी आली तर कुणीतरी ती मोठ्यानं वाचून दाखवतं. शहरातला समीक्षक याला बाळबोधपणा म्हणतो. ईपीला ठाऊक असतं की त्या सुनेला मान न वळवता गोष्ट समजायला हवी. धाकटा नातू रिमोट कधी पळवतो, कुणाचं जेवण कुठल्या ब्रेकला होतं, लाइट गेली तर पुन्हा आल्यावर तीच वाहिनी लागते का, हेही लिहा. दुसऱ्या आठवड्यात त्याच वेळेची दुसरी वाहिनी घ्या. दोन्हींची तुलना एका पानात लिहून काढा: कोण कुठे जिंकतं आणि का. तुमच्या बायोडेटाला जोडायला कुठल्याही प्रमाणपत्राइतकाच हा कागद उपयोगी आहे, कारण मुलाखतीला आलेल्यांपैकी फार थोड्यांकडे तो असतो.

पुढे गेलेले कुठून आले

सरळ वाहिनीत शिरून वर गेलेला माणूस क्वचितच सापडतो. सतीश राजवाडे आधी अभिनेते आणि दिग्दर्शक. ‘अग्निहोत्र’, ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ या मालिका, ‘मुंबई-पुणे-मुंबई’ हा चित्रपट, आणि मग स्टार प्रवाहची कार्यक्रमांची धुरा. केदार शिंदे ‘सही रे सही’सारख्या नाटकातून आणि ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’सारख्या मालिकेतून पुढे आले. ‘बाईपण भारी देवा’ गाजल्यानंतर, २०२४ मध्ये, ते कलर्स मराठीचे प्रोग्रॅमिंग हेड झाले. नितीन वैद्य पत्रकारितेतून आले, झी मराठीची सूत्रं सांभाळली, पुढे स्टारमध्ये गेले आणि नंतर ‘दशमी क्रिएशन्स’मधून निर्माते झाले. अजय भाळवणकर वेगवेगळ्या वाहिन्यांच्या कार्यक्रम विभागांत मुरून २०१८ मध्ये सोनी मराठी सुरू झाली तेव्हा तिचे प्रमुख होते.

त्याआधीची पिढी दूरदर्शनची. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तिथल्या निर्मात्याच्या अंगावर आजचे चार विभाग असत. आकाशानंदांच्या ‘ज्ञानदीप’नं राज्यभर प्रेक्षकांची ज्ञानदीप मंडळं उभी केली. शिवाजी फुलसुंदरांनी ‘आमची माती आमची माणसं’मधून शेतकरी टीव्हीसमोर बसवला. मीटर नव्हते तेव्हा प्रेक्षक ओळखायची रीत म्हणजे पोस्टानं येणारी पोती आणि गावोगावचे दौरे. दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणारी प्रसार भारती आजही कंत्राटी जागा आपल्या संकेतस्थळावर जाहीर करते. खासगी वाहिनीइतकी धावपळ नको असेल तर तिकडे नजर ठेवा. धाराशिवच्या आकाशवाणी केंद्रावर हंगामी निवेदनाचं काम मिळालं तर तेही सोडू नका. वेळेला बांधलेला कार्यक्रम म्हणजे काय ते तिथे हाडांत भिनतं.

बातम्यांची वाट वेगळी आहे. २००० साली ईटीव्ही मराठी सुरू झाली तेव्हा तिचा कारभार हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीतून चाले. नळदुर्ग-उमरग्यावरून जाणाऱ्या महामार्गानं कितीतरी मराठी मुलं तिकडे गेली आणि टीव्हीची बातमी शिकून २००७ नंतर निघालेल्या मराठी वृत्तवाहिन्यांत पसरली. आता ती शाळा राहिली नाही. ईटीव्ही मराठीचं २०१५ मध्ये कलर्स मराठी झालं. आज जिल्ह्यात राहून वृत्तवाहिनीचं काम करायचं तर बहुतेकदा स्ट्रिंगर म्हणून, म्हणजे बातमीमागे पैसे. शिकायला उत्तम. पण त्यातून वाहिनीच्या व्यवस्थापनात जायचं असेल तर मुख्यालयातल्या असाइनमेंट डेस्कवर किंवा आउटपुटला जावंच लागतं. वर्षानुवर्षं माइकवरचा लोगो बदलत जिल्ह्यातच फिरत राहिलं तर ओळखी वाढतात, पद वाढत नाही.

शिक्षण, आणि ते कितपत लागतं

सेल्सला बीकॉमनंतर एमबीए चालतं. रिसर्चला संख्याशास्त्र किंवा समाजशास्त्र. आपल्या तुळजापुरात टाटा समाजविज्ञान संस्थेचं आवार १९८६ पासून आहे. तिथे गावात जाऊन माणसांशी बोलायची जी शिस्त लावतात ती रिसर्च विभागात सोन्याच्या मोलाची ठरते, हे तिथल्या मुलांच्याही लक्षात आलेलं नसतं. पत्रकारितेसाठी छत्रपती संभाजीनगर, सोलापूर आणि नांदेड या विद्यापीठांचे विभाग जवळ आहेत, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, आणि अमरावतीच्या आयआयएमसीत मराठी पत्रकारितेचा पदविका अभ्यासक्रम आहे. तंत्र शिकायचं असेल तर पुण्याच्या एफटीआयआयमध्ये टीव्ही विभाग आहे, पण प्रवेश परीक्षा देशपातळीवरची आणि जागा मोजक्या. माध्यम व्यवस्थापन हाच विषय हवा असेल तर पुण्याची सिम्बायोसिस आणि अहमदाबादची मायका. दोन्हींची फी तगडी. कर्ज काढण्याआधी मागच्या वर्षीच्या किती मुलांना कुठल्या वाहिनीत कुठल्या पदावर घेतलं, हे लेखी मागून घ्या.

प्रोग्रॅमिंगला मात्र ठरलेली पदवी नाही. मराठी साहित्य, नाट्यशास्त्र, काहीही चालतं. विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी तुम्ही एकांकिका बसवली असेल, तिचं बजेट, नेपथ्याचा टेम्पो, रुसलेला नट आणि वेळेवर न आलेला तबलजी सांभाळला असेल, तर ते बायोडेटात ठळक लिहा. ‘अभिनयाचं पारितोषिक’ या ओळीपेक्षा ‘अठरा जणांचा संघ संभाजीनगरला नेला आणि आणला’ ही ओळ ईपी घेणाऱ्याला जास्त पटते.

इंग्रजीचं सांगून टाकतो. मालिका मराठी असली तरी ऑफिसातले मेल, प्रेझेंटेशन, आकड्यांच्या बैठका बऱ्याचशा इंग्रजीत होतात. बोलताना अडखळलात तर चालतं. मेलमध्ये गोंधळ झाला तर चालत नाही. रोज एक मेल लिहायचा सराव करा. एक्सेल शिका, नीट शिका, फिल्टर आणि पिव्होटपर्यंत. उलट मराठीच्या बाबतीत कमीपणा मुळीच घेऊ नका. मुंबईत वाढलेल्या लेखकानं लिहिलेल्या गावाकडच्या संवादात कुठे खोट आहे, कुठली बाई दिराला असं बोलणार नाही, ‘बसलाव’, ‘आलाव’ कुठे शोभेल आणि कुठे नुसती टिंगल वाटेल, हे तुम्हाला न शिकता कळतं. देवीच्या मालिकेत चरणतीर्थ आधी की प्रक्षाळ, दसऱ्याची पालखी बुऱ्हाणनगरहून येते आणि पलंग घोडेगावहून, हे ठाऊक असणारा माणूस स्टँडर्ड्सवाल्यांचे किती फोन वाचवतो त्याची कल्पना करा.

मुंबईला जाताना

लातूर-मुंबई एक्सप्रेसनं सकाळी उतरलात की प्रश्न राहण्याचा. वाहिन्यांची ऑफिसं लोअर परळ, अंधेरीकडे. शूटिंग गोरेगावची फिल्म सिटी, मालाड-मढ, ठाण्याचा घोडबंदर रस्ता असं पसरलेलं. सुरुवातीचा पगार खोलीचं भाडं, लोकलचा पास आणि जेवण भागवून फारसा उरत नाही. घरच्यांशी आधीच बोलून पहिल्या वर्षाचा आधार ठरवून घ्या आणि मगच निघा. निर्मितीसंस्थेत सहायक म्हणून लागणं सगळ्यांत सोपं. तिथे वर्ष-दीड वर्ष राबलं की वाहिनीच्या ईपीशी रोजचा संबंध येतो, आणि वाहिनीत जागा निघाली की पहिली विचारणा अशाच माणसांकडे होते. अंधेरीचं आकर्षण नसेल तर सेल्समध्ये या. जिल्ह्यातले सराफ, बियाण्याच्या कंपन्या, शिक्षणसंस्था यांना जाहिरातीची वेळ विकणाऱ्याला त्याचं गिऱ्हाईक माहीत असतं, आणि बिझनेस हेडच्या खुर्चीकडे सेल्समधून जाणारी वाट तितकीच रुळलेली आहे. केबलवाल्याच्या धंद्याशी घरचा संबंध असेल तर डिस्ट्रिब्युशन. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्राय या सरकारी नियामकाच्या नव्या व्यवस्थेत प्रत्येक वाहिनीची किंमत छापील झाली, तेव्हापासून गिऱ्हाईक कुठला पॅक का सोडतं हे सांगणाऱ्याला मोल आलं आहे.

पैसे मागणाऱ्यांपासून सांभाळा. वाहिनी नोकरीसाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. ‘नोंदणी शुल्क’, ‘पोर्टफोलिओ’, ‘आतला माणूस’ हे शब्द कानावर आले की उठून या. मालिकेची कल्पना घेऊन वाहिनीच्या दारात उभं राहण्यातही अर्थ नाही. पुढे हक्कांचे वाद होऊ नयेत म्हणून अनोळखी माणसाची गोष्ट सहसा वाचलीच जात नाही. गोष्ट असेल तर ती मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवा आणि निर्मितीसंस्थेमार्फत न्या.

आईवडलांची काळजी रास्त आहे: ही नोकरी टिकते का? खरं सांगायचं तर पूर्वीइतकी नाही. झी आणि सोनीचं ठरलेलं विलीनीकरण जानेवारी २०२४ मध्ये मोडलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्टार आणि व्हायकॉम १८ एकत्र येऊन जिओस्टार झाली. दोन कंपन्या एक झाल्या की दोन-दोन विभागांची गरज राहत नाही, आणि माणसं कमी होतात. प्रेक्षकही मोबाइलवर सरकतोय; जी मालिका रात्री टीव्हीवर लागते ती झी५, जिओहॉटस्टार, सोनीलिव्हवर कधीही बघता येते. म्हणून नोकरी धरतानाच बघा की तुमचं काम फक्त टीव्हीपुरतं आहे का. वेळेत भाग काढून घेणं, आकडे वाचणं, जाहिरातदाराला पटवणं ही कामं पडदा बदलला तरी लागतात. करार वाचून सही करा: कायम की कंत्राटी, नोटिशीचा काळ किती, भविष्यनिर्वाह निधी कापतात का. पहिल्या नोकरीच्या आनंदात हे कुणी बघत नाही.

मुलाखतीत एक प्रश्न बहुतेक येतोच: आमच्या वाहिनीवरची कुठली मालिका तुम्हाला आवडत नाही, आणि का? ‘सगळ्याच छान आहेत’ म्हणणारा तिथेच बाद होतो. नाव घ्या, वहीतला भाग सांगा, कितव्या मिनिटाला घरातलं कोण उठून गेलं ते सांगा, आणि तुम्ही काय बदललं असतं तेही. फक्त शब्द जपून वापरा, कारण त्या मालिकेचा ईपी टेबलाच्या पलीकडे बसलेला असण्याची शक्यता बरीच असते.